हरणांच्या पाणवठ्याभोवती कुंपण कसे घालावे

उन्हाळ्यात माळावर हरणांसाठी पाणवठा केला, तर पहिल्या आठवड्यात तेथे हरणे सोडून बाकी सगळे येऊन जातात. सकाळी गावाची गुरे हौद अर्धा करतात, दुपारी शेळ्यामेंढ्यांचा कळप थांबतो आणि रात्री रानडुकरे येऊन पाणी तर पितातच, वर त्यात लोळून सगळी राड करतात. त्या राडीला काळवीट तोंड लावत नाही. बालाघाटाच्या माळावर, आष्टी तालुक्यातील आमच्या शेताच्या पडीक तुकड्यात मी असे दोन पाणवठे केले. पहिल्याचे कुंपण एका रात्रीत गेले. दुसऱ्याचे आजही उभे आहे. दोन्हींत खर्चाचा फरक फारसा नव्हता. कोणते जनावर कुंपणाशी कसे वागते, हे पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हते, एवढाच काय तो फरक.

मूळ कल्पना आपल्याकडची नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये हरणांसाठी मका पसरणारी यंत्रे रानात ठेवतात आणि त्या मक्यावर रानटी डुकरे व गुरे तुटून पडू नयेत म्हणून यंत्राभोवती बुटक्या जाळीचे मोठे वर्तुळ उभारतात. त्यासाठी तेथे ३४ इंच उंच आणि १६ फूट लांब अशा तयार लोखंडी चौकटी मिळतात. हरीण त्यावरून सहज उडी मारते, डुक्कर मात्र खालून वाट शोधत राहते, या एका गोष्टीवर तो सगळा खटाटोप उभा आहे. तिकडे तो बहुधा शिकारीसाठी चालतो. आपल्याकडे काळवीट आणि चिंकारा हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. तेव्हा तिकडचे कुंपण घ्यावे आणि हेतू तिकडेच सोडावा.

मकाही तिकडेच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दाणे खाण्याची सवय नसलेल्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात ज्वारी किंवा मका एकदम जास्त गेला, तर कोठीपोटात आम्ल वाढते आणि जनावर दगावू शकते. चुकून पोते फोडून खाल्लेली शेळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. शिवाय दाण्याच्या वासावर डुकरे कोसभरावरून येतात आणि दाण्याची चटक लागलेले हरीण पुढे शेजाऱ्याच्या पिकात शिरते, ते वेगळेच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खरी टंचाई पाण्याची असते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माणसांची ही गत, तर माळावरच्या जनावरांचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. म्हणून येथून पुढे सगळे पाण्यापुरतेच लिहिले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी जागा कोणाची आहे ते पाहावे. स्वतःच्या मालकीच्या पडीक जमिनीत अडचण येत नाही, तरीही वनरक्षकाच्या कानावर घालून ठेवणे शहाणपणाचे असते. गायरानात ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय आणि वनजमिनीवर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक खुंटीही ठोकू नये.

आधी गुरांचा हौद

कुंपणाचे पहिले काम कुंपणाच्या बाहेर करायचे असते. गावाच्या तहानलेल्या गुरांसमोर पाण्याभोवती जाळी उभी राहिली, तर ती जाळी गुरे नव्हे, माणसे तोडतील, आणि त्यांचे फारसे चुकले असेही म्हणता येणार नाही. म्हणून गुरांच्या नेहमीच्या वाटेवर, हरणांच्या पाणवठ्यापासून शंभर-दीडशे मीटर अलीकडे, एक साधा सिमेंटचा हौद बांधून, ज्या टाकीतून पाणवठा भरतो तिचीच दुसरी नळी त्याला द्यावी. दिवसा त्यावर गुरे आणि शेरडे पितात, रात्री डुकरे पितात. डुक्करही तहानलेलेच असते आणि त्याला पाणी मिळाले की आतल्या पाण्यासाठी जाळी उचकटण्याची त्याची घाई निम्म्याने कमी होते. दोन कुंपणांच्या अनुभवानंतर मला असे वाटते, की जाळीपेक्षा या हौदाने अधिक काम केले.

आखणी आणि सामान

कुंपण गोल असावे. चौकोनाच्या कोपऱ्यात घाबरलेले जनावर अडकते आणि कुत्रे किंवा लांडगा मागे लागला तर त्याच कोपऱ्यात मरते. गोलाची त्रिज्या ९ मीटर धरावी. हे वर्तुळ पाहणाऱ्याला उगीच मोठे वाटते आणि जाळी वाचवण्यासाठी ते निम्मे करावे असा मोह होतो, पण तेथेच कुंपण फसते. काळवीट मोकळ्या माळाचा प्राणी आहे. उडी मारल्यावर टेकायला जागा, टेकल्यावर चार ढांगा पळायला जागा आणि परत उडी घेण्यासाठी धाव घ्यायला जागा, एवढे दिसल्याखेरीज ते आत जात नाही. मधोमध २ मीटर व्यासाचा पाणवठा धरला, तर त्याच्या काठापासून जाळीपर्यंत चहूबाजूंनी ८ मीटर उरतात आणि तेवढे पुरेसे होतात.

मधोमध खुंटी ठोकून ९ मीटर दोरीने फक्की टाकत फिरले की वर्तुळ आखले जाते. त्याचा घेर साडेछप्पन्न मीटर भरतो. बाजारात वेल्डेड जाळीची १५ मीटर लांब आणि ४ फूट रुंद गुंडाळी मिळते. अशा चार गुंडाळ्यांत घेर पूर्ण होऊन जोडावर एकेक फूट जाळी एकमेकींवर चढवता येते आणि फाटकापुरता तुकडाही उरतो. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली, १० गेज तारेची आणि २ किंवा ३ इंची चौकटीची घ्यावी. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानात उभे असताना लक्षात ठेवावे, कारण १२ गेजची जाळी दिसायला तशीच असते आणि स्वस्तही पडते.

विणलेली चेनलिंक जाळी येथे नको. माझ्या पहिल्या कुंपणाला तीच होती. ती ताणून बांधली तरी दोन खांबांच्या मध्ये तिची खालची कड सैल राहते, आणि रानडुकराचे सगळे बळ मानेत आणि नाकाडात असते. आम्ही सकाळी जाऊन पाहिले तेव्हा एकही तार तुटलेली नव्हती. जाळी गुडघाभर वर उचललेली होती, तिच्या खालून सरपटत गेल्याची गुळगुळीत खोलगट वाट पडली होती आणि तारेच्या एका पिळात राठ काळे केस अडकले होते. आत पाणी उरले नव्हते, चिखल होता. वेल्डेड जाळीची चौकट ताठ असल्यामुळे ती अशी एका जागी उचलली जात नाही.

काटेरी तार तर मुळीच वापरू नये, वरच्या बाजूला एक ओळसुद्धा नको. गुरे टेकू नयेत म्हणून अनेक जण जाळीच्या वर वीतभर अंतर सोडून एक तार ओढतात. उडी मारताना हरणाचे मागचे पाय त्या तारेच्या आणि जाळीच्या मधल्या फटीत जातात, पीळ बसतो आणि जनावर उलटे लटकते. विजेचा प्रवाह तारेत सोडणे हा तर गुन्हाच आहे आणि त्याने दरवर्षी माणसेही मरतात. पिकासाठी वापरतात ते झटका देणारे सौर कुंपण पिकाच्या जागी ठीक आहे. पाणवठ्याला ते लावले तर एकदा नाक पोळलेले हरीण त्या पाण्याकडे पुन्हा फिरकणार नाही.

खांबांसाठी ४० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल घ्यावा. ६ मीटरच्या एका अँगलमधून दीड मीटरचे चार खांब निघतात. दर २ मीटरवर एक याप्रमाणे २८ खांब लागतात, म्हणजे सात अँगल; फाटकाचे दोन खांब वेगळे आणि ५० मिलिमीटरचे असावेत. बाभळीच्या मेढी घरच्या असतील तर त्याही चालतात, पण वाळवी लक्षात घेऊन त्या तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतील हे धरून चालावे.

खांब, जाळी आणि पदर

खांब ६० सेंटिमीटर जमिनीत आणि ९० सेंटिमीटर वर राहतो. मुरमाड जमिनीत पहारीने खड्डा घेऊन, खांब ओळंब्यात धरून, भोवती दगडाच्या कपच्या आणि मुरूम थराथराने ठोकला तरी तो हलत नाही. काळ्या जमिनीचे तसे नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, त्यामुळे नुसता ठोकलेला खांब दोन वर्षांत कलतो. तेथे खड्डा फूटभर रुंद घेऊन एकास दोन, चार या मापाचे काँक्रीट भरावे आणि ते आठवडाभर पाणी मारून पिकू द्यावे. खड्ड्यांचे काम दिवाळीनंतर, जमिनीत थोडी ओल असताना उरकावे. चैत्रात तीच जमीन टिकावाला दाद देत नाही. खांबाचे डोके जाळीच्या वर निघालेले नसावे, कारण अँगलची धार उडी चुकलेल्या जनावराचे पोट फाडते.

आता जाळी. ती ४ फूट रुंद असली तरी उभी फक्त ३ फूट करायची असते. उरलेला खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून जमिनीवर पसरायचा. आम्ही त्याला पदर म्हणतो. डुक्कर उकरायला लागते ते नेमके जाळीच्या बुडाशी. तेथे त्याच्याच पायाखाली जाळी असते, त्यामुळे उकरणे चालत नाही, आणि फूटभर मागे सरून तेथून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. या पदरामुळे कातळात चर खोदण्याचे कष्टही वाचतात. दुमडण्यासाठी जाळी एका सरळ लाकडी फळीखाली दाबून आडव्या तारेच्या ओळीवर हळूहळू वाकवावी. हातोड्याने ठोकून वाकवल्यास वेल्डिंगचे सांधे सुटतात.

जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने बांधावी. म्हैस किंवा बैल बाहेरून छातीने रेटतो, तेव्हा जाळी खांबांवर दाबली जाते. आतून बांधलेली असेल तर सगळा भार बांधणीच्या तारेवर येतो आणि ती तुटते. प्रत्येक खांबाला चार ठिकाणी बांधावे आणि तारेची टोके आत वळवावीत. प्रत्येक खांबाशी पदराला कात्री द्यावी लागते, कारण वर्तुळाच्या बाहेर पसरणारी जाळी मोठा घेर मागते. कात्री दिल्यावर तेथे बाहेरच्या कडेला साधारण पावणेसात सेंटिमीटरची त्रिकोणी फट पडते. ही फट क्षुल्लक वाटते, पण डुकराचे नाक नेमके तेथेच जाते. तेथे एक दगड जमिनीत अर्धा गाडून बसवावा. बाकीचा पदर ८ मिलिमीटर सळईच्या, वरून वाकवलेल्या खुंट्यांनी दर अर्ध्या मीटरवर जमिनीला खिळवावा.

दगडांवरून एक गोष्ट आठवली. आमच्याकडे दगडांना तोटा नाही, म्हणून मी दुसऱ्या कुंपणाच्या पदरावर वजन म्हणून चांगले मोठे दगड रचले होते. चार दिवसांनी आत तीन उस्मानाबादी शेळ्या निवांत पाणी पिताना सापडल्या. मेंढरे वळणारे एक म्हातारे धनगरमामा बांधावर बसून हे पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, तुमी कुपन न्हाई घातलं, शेरडाला पायऱ्या केल्यात." मी त्याच दुपारी दगड काढले आणि त्याजागी दोन-तीन इंच मुरूम पसरून चोपला. मुरमाचा आणखी एक फायदा असा, की उडी घेणाऱ्या हरणाचा लहान खूर जाळीच्या चौकटीत अडकत नाही. तीन फुटांची जाळी शेळीला पूर्णपणे रोखते असे मी म्हणणार नाही. पायरी मिळाली नाही तर बहुतेक शेळ्या बाहेरच्या हौदावर समाधान मानतात, आणि उरलेल्या दोन-चारांना गुराख्याशिवाय कोणी रोखू शकत नाही.

जाळीची वरची कड कापलेल्या तारांनी बोचरी असते. तिच्यावर पाऊण इंची पांढरा प्लास्टिकचा पाइप उभा चिरून टोपीसारखा बसवावा आणि जागोजागी बांधावा. त्यामुळे इजा टळते आणि पहाटेच्या अंधुक उजेडात, जेव्हा हरणे पाण्यावर येतात, तेव्हा कुंपणाची कड त्यांना नीट दिसते. ज्या बाजूला मोकळा माळ आहे, त्या बाजूचे दोन गाळे, म्हणजे दोन खांबांमधले जाळीचे भाग, आणखी अर्ध्या फुटाने बुटके ठेवावेत. गाभण माद्या आणि वर्षाच्या आतली पिले तेथून जातात. डुकराला तेवढी उडी अगदीच अशक्य नसते, म्हणून त्या गाळ्यांवर लक्ष ठेवावे आणि आत डुकराचे ठसे दिसले तर ते पुन्हा ३ फुटांचे करावेत.

फाटक ३ फूट रुंद असले की साफसफाईला पुरते. त्याच्या खाली फट राहू नये म्हणून उंबरा म्हणून शहाबादी फरशीचा एक जाड तुकडा गाडावा. कडीला कुलूप नको. आत एखादे जनावर अडकले तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उघडता आले पाहिजे.

पाणी आणि सवय

पाणवठा बशीच्या आकाराचा, मधे २० सेंटिमीटर खोल आणि कडेकडे उथळ होत गेलेला करावा, आणि त्याचा पृष्ठभाग झाडूने ओढून खरबरीत ठेवावा, म्हणजे आत पडलेला सरडा किंवा तितराचे पिलू चालत बाहेर येते. अशा बशीत दोनशे ते तीनशे लिटर पाणी मावते. वैशाखात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी नुसते उडून गेले, तरी ३० लिटर कोणीही न पिता संपतात, हे टँकरचा हिशेब करताना विसरू नये. भरण्याची नळी जमिनीखालून न्यावी आणि तिची तोटी कुंपणाच्या बाहेर, टाकीजवळ ठेवावी. भर दुपारी, हरणे लांब असताना, बाहेरूनच पाणी सोडावे. आठवड्यातून एकदा आत जाऊन शेवाळ खराट्याने घासून काढावे. साबण किंवा पावडर वापरू नये.

कुंपण एका दिवसात पूर्ण करू नये. आधी फक्त खांब उभे करून आठवडाभर सोडून द्यावेत. मग घेराच्या दोन तृतीयांश भागाला जाळी लावावी आणि एक तृतीयांश भाग उघडा ठेवावा. हरणे त्या उघड्या बाजूने येऊ-जाऊ लागली, की दोन-तीन आठवड्यांनी उरलेली जाळी बुटक्या गाळ्यांसह बंद करावी. बंद केल्यावर पहिले काही दिवस कोणी आले नाही तरी धीर सोडू नये. आमच्याकडे नवव्या दिवशी पहिली मादी आत आली. त्याआधी दोन दिवस ती जाळीच्या कडेकडेने फेऱ्या मारून गेल्याचे ठसे दिसत होते.

ठसे वाचण्यासाठी जाळीच्या आत आणि बाहेर हातभर रुंदीची पट्टी बारीक माती चाळून पसरावी. काळविटाचा खूर लांबट आणि पुढे टोकदार उमटतो. शेळीचा बोथट असतो. डुकराचा ठसा रुंद व गोलसर असतो आणि मऊ मातीत त्याच्या मागे दोन बाजूंना दोन लहान टिंबे उठतात. उडीचे ठसे निराळे ओळखता येतात: चारही खूर खोल रुततात आणि मातीचे ढेकूळ मागे उडालेले असते. ही पट्टी रोज सकाळी पाहून पुन्हा झाडली, तर कॅमेऱ्यावाचून सगळे कळते.

या कुंपणाने मोकाट कुत्री थांबत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. ती तीन फुटांवरून सहज येतात आणि पाण्यावर वाकलेल्या हरणाला त्यांचाच खरा धोका असतो. म्हणून कुंपणाच्या आत-बाहेर १० मीटरपर्यंत वेडी बाभूळ, घाणेरी किंवा कोणताही आडोसा ठेवू नये, मेलेली जनावरे जवळपास टाकू देऊ नयेत आणि पाणवठा वस्तीपासून लांब असावा.

पहिला जोराचा पाऊस होऊन ओढ्यांना पाणी आले, की बशी रिकामी करून घासावी, पदराखाली कोठे पाण्याने माती वाहून गेली आहे का ते पाहून मुरूम भरावा आणि फाटक पूर्ण उघडून तारेने खांबाला बांधून टाकावे. पावसाळ्यात आतले गवत वाढते, ते खायला पिले शिरतात. फाटक वाऱ्याने बंद झाले तर ती आतच राहतात.